कोणत्या विहिरीला विचारायचं?

होस्टेलच्या तळमजल्यावर नळाला धो धो पाणी असतं, तेव्हाच तिसऱ्या मजल्यावर बादल्या रिकाम्या असतात. आता वॉर्डन सरांनी फक्त तळमजल्याचा नळ बघून 'पाणी भरपूर' असं लिहून टाकलं तर? भूजल मोजतानाही नेमकी हीच चूक होते. आमच्याकडून तर झालीच!

फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी आम्ही चौघं गुरुकुंज मोझरीच्या शिवारात गेलो. रस्त्यालगतच एक विहीर मिळाली. टेप सोडला, आकडा लिहिला, खूश! धुऱ्यावर बसलेले एक काका हसले, "पोट्टेहो, हे विहीर तं नाल्याचं पाणी पिते. हिले काय इचारता? वरच्या वावरातल्या विहिरीले इचारा." वर गेलो, तर तिथे पाणी कितीतरी खोल!

कारण सोपं आहे. इथला खडक बेसाल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण. पाणी साठतं ते मुरमात, झिजलेल्या थरात आणि भेगांत. थर पालटला की पातळीही पालटते. म्हणून एका पाणलोट क्षेत्राच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या अशा तिन्ही भागांत विहिरी निवडाव्या लागतात. नाला, बंधारा किंवा कालव्याच्या अगदी काठावरची नको. सतत उपसा असलेलीही नको. मोटर चालू असताना मोजलेली पातळी त्या उपशाची, शिवाराची नव्हे. विहीर मे महिन्यात कोरडी पडणारी नसावी, नाहीतर ऐन टंचाईत आकडाच मिळत नाही. आणि मालकाची संमती हवीच, कारण तीच विहीर वर्षानुवर्षे मोजली तरच तुलना करता येते.

राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा अशा निरीक्षण विहिरी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशा चार वेळा मोजते. ऑक्टोबरच्या पातळीची मागील पाच वर्षांच्या सरासरीशी तुलना करून टंचाईचा अंदाज बांधला जातो. आपल्याच वऱ्हाडात पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात मात्र नुसती पातळी मोजून भागत नाही. तिथे विहिरीत पाणी दिसतं, पण ते खारं. त्यामुळे नमुनाही तपासावा लागतो.

विहीर चुकली, की कागदावर गाव पाणीदार आणि वरच्या वस्तीत हंड्यांची रांग! म्हणून टेप सोडण्याआधी शिवार पायी फिरा, शेतकऱ्यांशी बोला. आमच्या वहीत त्या पहिल्या आकड्यापुढे आता एकच शेरा आहे : 'ही नाल्याची विहीर.'