महागडी एसएसडी : हौस की गरज?

घरात फ्रिज घ्यायचा असो की शिवणयंत्र, चर्चा शेवटी गृहिणीपाशीच येऊन थांबते. महिन्याचा हिशेब तिच्याच वहीत असतो ना! पण कॉम्प्युटरच्या सामानाचा विषय निघाला, की आपल्यापैकी कित्येकजणी "त्यातलं मला काही कळत नाही, तुमचं तुम्हीच बघा" असं म्हणून मोकळ्या होतात. २००८ ते २०१० या काळात ज्या घरांत कॉम्प्युटरची हौस होती, तिथे 'एसएसडी' नावाच्या एका छोट्याशा वस्तूने असाच पेच उभा केला होता. कुणी घाईने घेतली आणि हळहळलं, कुणी विचारपूर्वक घेतली आणि वर्षानुवर्षं वापरली. आज तो काळ मागे पडला असला, तरी त्यातून शिकण्यासारखं पुष्कळ आहे.

ही वस्तू आहे तरी काय?

आपली पत्रं, फोटो, गाणी कॉम्प्युटर ज्या डबीत साठवतो, ती पूर्वी सगळीकडे हार्ड डिस्कच असे. तिच्यात ग्रामोफोनसारखी तबकडी गरगर फिरते आणि एक बारीक दांडी हवी ती माहिती शोधत पुढेमागे सरकते. या शोधाशोधीत वेळ जातो. एसएसडीत फिरणारं काहीच नाही. माहिती चिपांत साठवलेली असते, त्यामुळे ती जवळजवळ तत्काळ हाती लागते. माळ्यावर चढून डबा काढणं आणि ओट्याजवळच्या मिसळणाच्या डब्यातून चमचाभर हळद घेणं, एवढा दोहोंत फरक!

या चिपांतली 'फ्लॅश' स्मृती जपानच्या तोशिबा कंपनीतले संशोधक फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात शोधून काढली. १९९१ मध्ये आलेल्या एका एसएसडीत जेमतेम २० एमबी जागा होती आणि किंमत होती हजार डॉलरच्या घरात. घरगुती वापराला ती परवडणं शक्यच नव्हतं.

किमतीचा धक्का

जानेवारी २००८ मध्ये अ‍ॅपलने मॅकबुक एअर हा चपटा लॅपटॉप आणला. त्यात ८० जीबीच्या साध्या डिस्कऐवजी ६४ जीबीची एसएसडी हवी असेल, तर ९९९ डॉलर जादा मोजावे लागत. जागा कमी आणि पैसे जास्त! त्याच वर्षी सप्टेंबरात इंटेलची एक्स२५-एम बाजारात आली. ८० जीबीला ठोक भाव ५९५ डॉलर, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने सत्तावीस हजार रुपयांच्या आसपास. त्याच सुमाराला दीडशे डॉलरच्या आत-बाहेर हजार जीबीची हार्ड डिस्क मिळत होती. "अहो, एवढ्या पैशांत अख्खा कॉम्प्युटर येईल की!" असं कुणी म्हटलं असेल, तर तिचं काय चुकलं?

स्वस्ताची गंमत

मग स्वस्तातल्या एसएसडी निघाल्या. डबीवर वेगाचे मोठमोठे आकडे छापलेले. पण २००८ च्या कित्येक स्वस्त ड्राइव्हमधली नियंत्रण करणारी चिप कच्ची होती. साधं पत्र लिहिताना किंवा इंटरनेट बघताना कॉम्प्युटर मध्येच गप्प बसे. अर्धा सेकंद, कधी त्याहून अधिक. साध्या डिस्कवरही असा त्रास होत नसे.

याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. फ्लॅश स्मृती पाटीसारखी असते. लिहिताना ओळ-ओळ लिहिता येते, पण पुसताना एकेक ओळ पुसता येत नाही, सबंध पाटी पुसावी लागते. म्हणजे एक शब्द बदलायचा, तरी बाकीचं सारं दुसरीकडे उतरवून ठेवायचं, पाटी पुसायची आणि पुन्हा लिहायचं. चिप हुशार असली, की हे काम ती पडद्याआड उरकते. नसली, की आपण ताटकळत बसतो. डबीवरचा आकडा एका दमात मोठी फाइल उतरवण्याचा होता. घरातलं रोजचं काम मात्र बारीकसारीक नोंदींचं, आणि त्याचा वेग डबीवर कुणीच छापत नव्हतं.

थांबलेल्यांचा फायदा

जुलै २००९ मध्ये इंटेलची दुसरी पिढी आली आणि त्याच ८० जीबीचा भाव २२५ डॉलरवर उतरला. दहा महिन्यांत निम्म्याहून खाली! २२ ऑक्टोबर २००९ रोजी विंडोज ७ आलं. त्यात 'ट्रिम' नावाची सोय होती. कुठला मजकूर आता नको आहे हे कॉम्प्युटर ड्राइव्हला आधीच सांगून ठेवतो, त्यामुळे जुनी झाल्यावरही ती मंदावत नाही. गंमत अशी, की इंटेलच्या दुसऱ्या पिढीला ही सोय मिळाली. ज्यांनी सर्वांत जास्त पैसे मोजले होते, त्या पहिल्या पिढीवाल्यांना ती कधीच मिळाली नाही.

मग लवकर घेणारे सगळे वेडे का? तसंही नाही. ज्यांचं पोटपाणीच कॉम्प्युटरवर होतं, त्यांचा रोजचा खोळंबा वाचला. नुसत्या हौसेसाठी मात्र वर्षभर थांबणं शहाणपणाचं ठरलं.

मधला मार्ग

चतुर मंडळींनी सोपी युक्ती काढली. विंडोज आणि रोज लागणारे प्रोग्राम तेवढे छोट्या एसएसडीवर ठेवायचे, फोटो, गाणी आणि सिनेमे जुन्या हार्ड डिस्कवर. २०१० मध्ये इंटेलने ४० जीबीची एक्स२५-व्ही १२५ डॉलरला काढली, ती नेमकी याच कामाची होती. रोजचा मसाला हाताशी, वर्षाचं धान्य कोठीत!

फोटो जपा

"हिच्यात फिरणारं काही नाही, म्हणजे ही बिघडणारच नाही" असा एक समज तेव्हा पसरला होता. तो खरा नव्हे. २०११ मध्ये इंटेलच्याच ३२० मालिकेतल्या काही ड्राइव्ह अचानक वीज गेल्यावर स्वतःला अवघ्या ८ एमबीच्या म्हणवू लागल्या आणि आतली माहिती हाती लागेना. कंपनीने ऑगस्टमध्ये दुरुस्ती दिली खरी, पण गेलेले फोटो तिने परत येणार नव्हते. लोडशेडिंगच्या त्या वर्षांत आपल्याकडे हा धोका काही लहान नव्हता. बाळाच्या बारशाचे फोटो पुन्हा काढता येत नाहीत. म्हणून ड्राइव्ह कितीही महागाची असो, दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर हवीच.

पैसे देण्यापूर्वी विचारा

* आपल्या कॉम्प्युटरला ती बसेल का? जुन्या यंत्रांत रुंद पट्टीची आयडीई केबल असे, नव्या ड्राइव्हना साटा लागे. अडीच इंची ड्राइव्ह मोठ्या कॅबिनेटमध्ये बसवायला पट्ट्या निराळ्या घ्याव्या लागतात.
* अमेरिकेहून येणाऱ्या भाच्याकडून मागवलीत, तर वॉरंटी इथे चालेल का? बिघडली तर परत पाठवायचा खर्च कुणाचा?
* बारीकसारीक कामात तिचा वेग किती? डबीवरच्या मोठ्या आकड्याला भुलू नका.
* नेमकी किती जागा लागते? आधी मोजा, मग घ्या.
* हीच वस्तू वर्षभराने घेतली, तर आपलं काय अडेल?

पुढे किमती उतरत गेल्या आणि २०२३ च्या सुमारास हजार जीबीची एसएसडी पाच हजारांच्या आत मिळू लागली. तरी वरचे प्रश्न जुने झालेले नाहीत. घरात पुढची नवलाईची वस्तू यायची असेल, तेव्हा यजमानांना आणि चिरंजीवांना ते जरूर विचारा. सरळ उत्तरं मिळाली, तर खुशाल पैसे काढा. नाही मिळाली, तर म्हणावं, "दिवाळीनंतर बघू!"