भुरीचे दत्तकविधान

रविवारी सकाळी प्राण्यांच्या निवाऱ्यात कुत्रा दत्तक घेण्याच्या इराद्याने येणारी कुटुंबे कोणत्या रीतीने निवड करतात हे थोडा वेळ बाजूला उभे राहून पाहिले, तर त्या निवडीतला एक मूक अन्याय ध्यानात आल्यावाचून राहत नाही. जाळीपाशी धावत येणारा, मागल्या पायांवर उभा राहून मुलांचे तळवे चाटणारा कुत्रा दुपारपर्यंत कोणाच्या तरी गाडीत बसून निघून जातो. आणि कोठडीच्या मागल्या कोपऱ्यात भिंतीला अंग चिकटवून, मान फिरवून बसलेला कुत्रा त्याच कोठडीत दिवाळीमागून दिवाळी काढीत राहतो. त्याची प्रकृती बिघडलेली असते असे नाही, त्याचा स्वभाव दुष्ट असतो असेही नाही. त्याला स्वतःची शिफारस करता येत नाही, एवढाच त्याचा अपराध असतो.

पुण्याच्या वेशीबाहेरच्या अशाच एका निवाऱ्यात भुरी राहत होती. राखेत किंचित तांबूस छटा मिसळावी तशा रंगाची ही मध्यम चणीची गावठी कुत्री. तिच्या एका कानाचे टोक सरळ छाटलेले होते, आणि ती खूण म्हणजे नसबंदीची शस्त्रक्रिया व रेबीजची लस या दोन्ही गोष्टी पार पडल्याचा रस्त्यावरच्या कुत्र्याच्या अंगावरचा दाखलाच होय. २००१ साली केंद्र सरकारने केलेल्या आणि २०२३ साली नव्याने जारी केलेल्या नियमांप्रमाणे अशा कुत्र्यास, तो बरा झाल्यावर, जेथून उचलले तेथेच परत सोडावयाचे असते. परंतु भुरीला वाहनाचा धक्का लागून तिचा मागला पाय मोडला होता, आणि पाय सांधेपर्यंत तिच्या वस्तीच्या मोकळ्या जागेवर पत्रे ठोकून इमारतीचा पाया खणला गेला होता. तेव्हा परत जाण्यास तिला जागाच उरली नव्हती.

अंग चोरणारे कुत्रे पाहिले की पाहणारा हळहळून म्हणतो, ‘बिचारीला कोणीतरी फार मारलेले दिसते.’ ही हळहळ सच्ची असली तरी तिच्यामागचे निदान पुष्कळदा चुकीचे असते. १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, अमेरिकेतील मेन राज्यात, बार हार्बर येथील प्रयोगशाळेत, डॅनियल फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंच कुंपणाच्या आवारात काही पिले मनुष्याच्या सहवासावाचून वाढविली आणि निरनिराळ्या वयांत त्यांची माणसांशी गाठ घालून दिली. ज्यांची ही गाठ पाचव्या ते नवव्या आठवड्यांच्या दरम्यान पडली ती लवकरच माणसाळली. परंतु ज्यांना चौदाव्या आठवड्यापर्यंत माणूस भेटलाच नव्हता ती पिले, कोणी कधी इजा केलेली नसताही, वन्य पशूप्रमाणे माणसाला टाळू लागली. म्हणजे भय उत्पन्न होण्यास क्रौर्यच घडावे लागते असे नाही; कोवळ्या वयात परिचय घडला नाही तरी तेवढे पुरते. हे जाणून घेण्याचा उपयोग असा की, आपण एखाद्या कल्पित मारेकऱ्याने केलेली जखम भरून काढावयास आलेले त्राते आहोत, हा भ्रम गळून पडतो, आणि एका अनोळखी जातीच्या प्राण्याची प्रौढ वयात पहिली ओळख करून घ्यावयाची आहे, हे खरे काम नजरेसमोर येते.

हे काम कसे करतात हे मी निवाऱ्यातल्या मावशींकडून शिकलो. मुळशीकडच्या एका गावातून रोज येणाऱ्या या बाईंनी प्राणिवर्तनाचे एकही पुस्तक वाचलेले नाही. परंतु त्यांच्या हालचालींत जी शिस्त होती ती पुस्तकाने क्वचितच लाभावी. कोठडीत शिरताना त्या भुरीच्या दिशेने सरळ कधी चालत नसत. भिंतीकडेने, वळसा घेऊन येत, तिच्याकडे कूस करून जमिनीवर बसत, मांडीवर गोणपाटाचे अंथरूण घेऊन दाभणाने त्याचे उसवलेले टाके घालीत, आणि मधूनच, मान न वळविता, उकडलेल्या कलेजीचा एक तुकडा टाकीत. हा तुकडा त्या आपल्या नि भुरीच्या मध्ये टाकतील असे मला वाटले होते. पण त्या तो भुरीच्या पलीकडे, पार मागल्या भिंतीपाशी टाकीत, म्हणजे तो उचलण्यासाठी भुरीला त्यांच्यापासून आणखी दूर जावे लागे. तळहातावर तुकडा ठेवून भुरीला बोलवावे असे माझ्या मनात आले, तेव्हा त्यांनी मला थांबविले.

‘दादा, हातात खाऊ धरून बोलवू नका. भुकंपायी येईल ती, आन् खाऊ संपला की बघंल कुठं येऊन बसली, मग लईच घाबरंल. तिला लांब जाऊ द्या. मग ती आपल्या मनानं येती.’

या चार वाक्यांत सगळी रीत सामावली आहे. भुकेच्या ओढीने जवळ आणलेला प्राणी देहाने जवळ येतो, परंतु त्याचे भय जेथल्या तेथे राहते. उलट, दूर जाण्याची मुभा मिळालेला प्राणी त्या मुभेमुळेच सैल होतो, आणि पुढल्या खेपेस किंचित जवळच्या अंतरावर येऊन उभा राहतो. १९२४ साली अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ विदुषीने सशाला भिणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलावर जो प्रयोग केला, त्यातही मूलतत्त्व हेच होते: मुलाला आवडीचा खाऊ द्यावयाचा, ससा खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवावयाचा, आणि मुलाच्या खाण्यात खंड पडणार नाही एवढ्याच बेताने सशाला हळूहळू अलीकडे आणावयाचे. खाण्यात खंड पडला की अंतर चुकले असे समजावे. भुरीच्या बाबतीतही तोच निकष लावता येई. टाकलेला तुकडा तिने हुंगला पण उचलला नाही, तर मावशी काही न बोलता अंथरूण गोळा करून हातभर मागे सरकत.

पुष्कळ भेटींनंतर मी भुरीसाठी रीतसर अर्ज केला. निवाऱ्याच्या दफ्तरातले सोपस्कार काहींना जाचक वाटतात; मला ते सर्वथैव योग्य वाटले. ओळखीचा दस्तऐवज, घर भाड्याचे असल्यास मालकाची लेखी संमती, घरातील प्रत्येक प्रौढ व्यक्तीशी स्वतंत्र बोलणे, आणि शेवटी गृहभेट. गृहभेटीस आलेल्या स्वयंसेविकेने दिवाणखान्याकडे फारसे लक्ष दिले नाही; गॅलरीच्या गजांमधले अंतर मात्र तिने वितीने मोजून पाहिले, मुख्य दाराला दुसरा अडसर आहे की नाही याची चौकशी केली, आणि जिना चढताना कोणाकोणाची दारे उघडी असतात हेही विचारून घेतले. करारनाम्यात कलमे होती ती अशी: कुत्रीला साखळीने बांधून ठेवणार नाही, परस्पर अन्य कोणास देणार नाही, सांभाळणे अशक्य झाल्यास निवाऱ्याच्याच स्वाधीन करीन. ज्यांच्या प्रयत्नांतून १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा साकार झाला त्या रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या कार्याविषयी अत्यंत आदर असूनही, पाळलेला प्राणी वाऱ्यावर सोडून देण्यास त्या कायद्याने पहिल्या गुन्ह्याबद्दल १० ते ५० रुपयांचाच दंड ठरविला आहे, हे विसरून चालत नाही. कायद्यातली शिक्षा इतकी क्षीण असता निवाऱ्यांनी स्वतःचा बंदोबस्त स्वतःच करावा, हेच रास्त होय.

भित्रे कुत्रे घरी आणण्याचा दिवस हा सर्वांत जोखमीचा दिवस असतो, कारण घाबरलेला प्राणी गळपट्ट्यातून मान मागे ओढून क्षणात सुटतो, आणि अनोळखी रस्त्यावर सुटलेले असे कुत्रे हाकेला ओ देत नाही, पाठलाग केला तर अधिकच दूर पळते. म्हणून भुरीला गळपट्टा आणि हार्नेस असे दोन्ही चढवून प्रत्येकास स्वतंत्र पट्टा बांधला होता, आणि गाडीचे दार उघडण्यापूर्वी दोन्ही पट्टे हाताला वेढलेले असावेत, असा मावशींचा सक्त हुकूम होता. घरी तिच्यासाठी आतल्या खोलीत, पलंग आणि कपाट यांच्यामधला कोपरा राखून ठेवला होता. त्या कोपऱ्यात शिरून कोणीही तिला हात लावावयाचा नाही, हा घरातला पहिला नियम झाला. पाहुण्यांना काही काळ मनाई केली. कुकर लावण्यापूर्वी स्वयंपाकघराचे दार लोटले जाई, केर काढावयाचा तर झाडू उभा न धरता आडवा धरून आणला जाई, कारण उभी काठी पाहताच ती जमिनीसरशी होई.

निवाऱ्यांतील मंडळी तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा एक ठोकताळा सांगतात: पहिल्या तीन दिवसांत प्राणी भांबावलेला असतो, तीन आठवड्यांत घराचा दिनक्रम ओळखू लागतो, आणि तीन महिन्यांत त्याला घर आपले वाटू लागते. हा ठोकताळा धीर देण्यापुरता उपयुक्त आहे. त्याची मुदत म्हणून अंमलबजावणी करू जाणे अनर्थकारक आहे. भुरीने पहिले काही दिवस आमच्यादेखत अन्न घेतले नाही, आणि मलमूत्रविसर्जनासाठी ती रस्ता पूर्ण निर्मनुष्य होण्याची वाट पाही. म्हणून आमचे फिरणे उत्तररात्री आणि पहाटेच्या अंधारात होऊ लागले. पूर्वी झोपेत गेलेले हे प्रहर जागून काढण्याची तयारी नसेल, तर अशा कुत्र्याच्या वाटेस जाऊ नये, हे मी येथे स्पष्टपणे सांगून ठेवतो.

या सहवासात माणसाला जे खरोखर शिकावे लागते ते म्हणजे नकार वाचणे. दात विचकणे आणि गुरगुरणे हे नकाराचे अखेरचे रूप. त्यापूर्वी कुत्रा किती तरी सौम्य रीतींनी ‘नको’ म्हणत असतो. तो ओठांवरून जीभ फिरवितो, झोप आलेली नसता जांभई देतो, मान बाजूला वळवितो पण डोळा तसाच आपल्यावर रोखून ठेवल्याने बुबुळाच्या कडेचा पांढरा भाग दिसू लागतो, एक पुढचा पंजा उचलून धरतो, किंवा चालता चालता जागच्या जागी थिजतो. कुत्र्याचे हे थिजणे माणसाला शहाणपणा वाटतो, ‘बघा, कशी शांत बसून कुरवाळून घेते!’ असे कौतुकही होते. वास्तविक त्या वेळी तो प्राणी केवळ सुटकेची वाट पाहत असतो. म्हणून आमच्याकडे स्पर्शाची एक रीत ठरली. हात डोक्यावरून न नेता खालून, छातीच्या बाजूने न्यावयाचा, दोनतीनदा खाजवावयाचे, आणि मग हात काढून घेऊन थांबावयाचे. भुरीने मान फिरविली तर विषय संपला. तिने पुढे होऊन आपले नाक मनगटाला लावले तरच पुन्हा हात लावावयाचा. आरंभी ती दर वेळी मान फिरवी आणि दर वेळी आम्ही उठून जात असू. आपले ‘नको’ निरपवाद मानले जाते अशी खातरी पटल्यावरच, एका संध्याकाळी मी हात काढून घेतला असता, ती कोपऱ्यातून दोन पावले बाहेर आली आणि माझ्या गुडघ्याला खांदा टेकून उभी राहिली.

भयभीत कुत्र्याला जवळ घेतले तर त्याचे भय वाढते, असा एक जुना समज अद्याप रूढ आहे. तो निराधार आहे. भय ही वृत्ती आहे, बक्षीस देऊन शिकविलेली कसरत नव्हे. दिवाळीच्या फटाक्यांत भुरी स्नानगृहात जाऊन बसली तेव्हा तिला तेथून ओढून काढण्याऐवजी तिचे अंथरूणच तेथे नेले, खिडकीवर जाड रजई टांगली, आणि तिच्या शेजारी बसून राहिलो. भय इतके तीव्र असेल की प्राणी खाणेपिणे सोडतो, थरथरत राहतो, तर पशुवैद्यांच्या सल्ल्याने औषध द्यावे. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. मात्र ज्या शिक्षकांची पद्धत कुत्र्याला त्याच्या भयाच्या वस्तूसमोर बळेच उभे करण्याची आहे, त्यांच्या हाती असा प्राणी कदापि देऊ नये.

भुरी आज घरातल्या माणसांत निर्धास्त वावरते, परंतु दाराची घंटा वाजली की ती अजूनही आतल्या खोलीत जाते, आणि पाहुण्यांच्या मांडीवर डोके ठेवणारी कुत्री ती बहुधा कधीच होणार नाही. दत्तक घेणाऱ्याने ही मर्यादा आरंभीच मनोमन कबूल केली पाहिजे. कारण प्रेमाची परतफेड अमुक रूपात आणि अमुक मुदतीत झालीच पाहिजे असा तगादा लावला, की भित्रा प्राणी पुन्हा कोठडीत परततो, आणि एकदा परत आलेल्या कुत्र्याला दुसरे घर मिळणे आणखी कठीण होते. ज्या घरात फार लहान मुले आहेत, सतत वर्दळ आहे, किंवा दिवसभर कोणी नसते, त्यांनी धीट कुत्रा न्यावा. त्यालाही घराची तितकीच गरज असते. परंतु ज्यांची मुले मोठी झाली आहेत, ज्यांचे दिवस ठरल्या वेळी उगवतात आणि मावळतात, ज्यांना दुसऱ्याच्या ‘नको’चा राग येत नाही, अशी पुष्कळ घरे महाराष्ट्रातल्या प्रत्येक शहरात आहेत. त्यांनी गर्दीचा रविवार टाळून आडवारी निवाऱ्यात जावे, तेथे सर्वांत अधिक काळ कोण राहिले आहे याची कर्मचाऱ्यांपाशी चौकशी करावी, आणि निर्णयाची घाई न करता त्या प्राण्यापाशी जाऊन बसण्याची परवानगी मागावी; कारण आपल्या निवाऱ्यांना दयाळू माणसांची उणीव नसून ठरल्या वेळी पुन्हा पुन्हा येणाऱ्या माणसांची उणीव आहे.