फरक कोणत्या पानावर?

सुरतेत डिंडोलीच्या आमच्या रो-हाउसमध्ये, वरच्या खोलीत बसून मी सात कापड व्यापाऱ्यांचे हिशेब लिहिते. दुकानं रिंगरोडच्या मार्केटात, वह्या माझ्या लॅपटॉपमध्ये. दर महिन्याच्या २० तारखेपर्यंत त्यांचं जीएसटीआर-३बी भरायचं असतं. उशीर झाला तर विलंब शुल्क व्यापाऱ्याला पडतं आणि मान माझी खाली जाते. गेल्या पावसाळ्यात अशाच एका २० तारखेला ओटीपी टाकला आणि वायफाय गेलं. आलं, पुन्हा गेलं. सातवं रिटर्न रात्री साडेअकराला मोबाइलच्या नेटवर भरलं, तेव्हा माझे हात थरथरत होते.

सल्ले लगेच आले. शेजारच्या मावशी म्हणाल्या, कंपनी बदल. भाऊ म्हणाला, राउटर जुना झाला. मुलाला लॅपटॉपच नवा हवा होता. कंपनीचा माणूस आला, जिन्याखालच्या राउटरच्या डब्यापाशी उभं राहून स्वतःच्या फोनवर वेग पाहिला आणि म्हणाला, "बेन, नेट तो बराबर आवे छे." तो खोटं बोलत नव्हता. डब्यापाशी नेट खरंच नीट होतं.

आमच्या धंद्यात तेरीज जुळली नाही तर कोणी नवी वही आणत नाही. आधी फरक कोणत्या पानावर आहे ते शोधतात. इथेही पानं दोनच आहेत. गल्लीतल्या खांबावरून काचेच्या तारेनं डब्यापर्यंत एक, आणि डब्यापासून लॅपटॉपपर्यंत हवेतून दुसरं. ती वेगळी करायला विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टच्या दोन काळ्या खिडक्या उघडायच्या. एकीत 'पिंग' आणि डब्याचा पत्ता लिहायचा, दुसरीत 'पिंग' आणि बाहेरचा एखादा पत्ता, मी ८.८.८.८ वापरते. पुढे 'उणे टी' जोडलं की ते चालूच राहतं. डब्याचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ असतो, 'आयपीकॉन्फिग' लिहिलं की 'डिफॉल्ट गेटवे'समोर तो दिसतो. लॅपटॉप हाक मारतो, समोरून ओ आली की किती मिलिसेकंद लागले ते छापतो. डबा ओ देतोय आणि बाहेरचा पत्ता गप्प आहे, तर दोष डब्याच्या पलीकडे. तेव्हा कंपनीलाच बोलवा. डब्यावर 'लॉस'चा लाल दिवा लागला असेल तर तारेतून प्रकाशच येत नाहीये. उत्तरायणात पतंगाच्या दोऱ्यांची ओढाताण झाली की गच्चीवरून गेलेली तार आधी पाहावी. पण डबाच ओ देत नसेल, तर दोष घरात आहे.

माझ्याकडे डबाच गप्प होत होता. चार दिवस मी वेळा वहीत लिहिल्या, आणि तेव्हा कळलं की एकाच तक्रारीत दोन फरक मिसळले होते.

पहिला रात्री नऊनंतरचा. ओ यायची, पण चार मिलिसेकंदांऐवजी दोनशे-तीनशे लागायचे. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात २००५ पासून विनापरवाना वापरता येतो. आमचं वायफाय त्यावर, ब्लूटूथ त्यावर, मायक्रोवेव्हही त्याच्याच आसपास. त्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. आमच्या रो-हाउसच्या भिंती सामाईक आहेत. फोनवरच्या ॲपमध्ये एकोणीस वायफाय दिसले, त्यांतले अकरा सहावर, आणि आमचंही सहावरच. शिवाय डबा लोखंडी कपाटामागे. धातू या लहरी परतवतो, हे मला ठाऊक असूनही तो तिथे दोन वर्षं होता. मी कंपनीच्या माणसाला सांगून तार वर आणवली; ती काटकोनात दुमडू नका, असं त्यानंच बजावलं. डबा खोलीबाहेर उघड्यावर आला आणि लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर जोडला. हा पट्टा स्लॅबपलीकडे लवकर क्षीण होतो, पण एकाच मजल्यावर तो मोकळा आणि वेगवान असतो.

दुसरा फरक अचानक तुटण्याचा. वहीत पाहिलं तर असं प्रत्येक वेळी लॅपटॉप बॅटरीवर होता. माझ्या टेबलापाशी सॉकेट नाही, आणि बॅटरी वाचवायला लॅपटॉप वायफायचं कार्डच झोपवत होता. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क ॲडॅप्टर, त्यात पॉवर मॅनेजमेंट. वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची परवानगी देणारी खूण मी काढली. काही नव्या लॅपटॉपांत हे पान दिसत नाही, तिथे कार्डचा ड्रायव्हर उत्पादकाच्या संकेतस्थळावरून अद्ययावत करावा. या दोषासाठी मी नवा लॅपटॉप घेणार होते, पन्नास हजारांचा.

त्यानंतरच्या तिन्ही महिन्यांत सातही रिटर्न १८ तारखेला गेली. खर्च झाला तो वर आणलेल्या तारेचा, तीनशे रुपये.