घरच्या लक्ष्मीचें नांव सात-बारावर

हा लेख वाचावयास घेण्यापूर्वीं वाचकांनीं आपल्या जमिनीचा सात-बाराचा उतारा कपाटांतून काढून समोर ठेवावा, अशी आमची विनंती आहे. भोगवटादाराच्या सदरीं कोणाचीं नांवें आहेत तें पाहावें. बहुतेक ठिकाणीं धन्याचें, त्याच्या भावांचें, क्वचित् दहा वर्षांपूर्वीं वारलेल्या वडिलांचेंही नांव अद्याप आढळेल. परंतु ज्या बाईनें त्याच जमिनींत पेरणी, निंदणी, वेंचणी, मळणी यांपैकीं एकही काम चुकविलें नाहीं, तिचें नांव आढळेलच असें नाहीं. २०१५-१६ सालच्या कृषिगणनेंत सबंध देशांतील वहितीधारकांपैकीं स्त्रियांचें प्रमाण शेंकडा चौदाच्या आसपास भरलें. शेतांतील कष्टांची वांटणी या प्रमाणांत होत नाहीं, हें शेतकऱ्यांस आम्हीं सांगावयास नको.

कोणी म्हणेल, धनी हयात असतां कागदावर नांव असलें काय किंवा नसलें काय! अडचण दिसूं लागते ती पुढें. पीककर्ज, पीकविमा, अतिवृष्टीची भरपाई हीं सर्व बहुतांशीं उताऱ्यावरील नांव पाहून मिळतात. गांवच्या विविध कार्यकारी सोसायटीचें सभासदत्वही जमीनधारकासच असतें. ज्या बाईच्या नांवें जमीन नाहीं तिला त्या सोसायटींत ना कर्ज, ना मत. विदर्भ-मराठवाड्यांत आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या विधवांना प्रथम जें संकट भोगावें लागलें तें दुष्काळाचें नव्हे, तर वारसनोंदीचें होतें. कर्ज फेडण्याचा तगादा त्यांच्याकडे आला, जमिनीचा कागद मात्र सासऱ्याकडे किंवा दिरांकडे राहिला.

आमच्या परिचयाच्या एका घरीं असें घडलें कीं, नवरा वारल्यावर बाईचें नांव उताऱ्यावर लागलें म्हणून सर्वांनीं तिचें समाधान केलें. तीन वर्षांनीं ती कर्ज मागावयास गेली तेव्हां उमगलें कीं, नांव लागलें खरें, परंतु तें ‘इतर हक्क’ या सदरीं. भोगवटादार म्हणून दिराचेंच नांव. हा फरक तिला कोणीं सांगितला नव्हता, आणि खरें सांगावयाचें तर आम्हांसही तोंपर्यंत त्याचें महत्त्व कळलें नव्हतें. म्हणून वाचकांनीं उतारा पाहतांना केवळ नांव न पाहतां सदर पाहावें.

या प्रश्नाला शेतकऱ्यांनीं स्वतःच एकदां हात घातला होता, हें आज पुष्कळांच्या विस्मरणांत गेलें आहे. नाशिक जिल्ह्यांतील चांदवड येथें नोव्हेंबर १९८६ मध्यें शेतकरी संघटनेनें शेतकरी स्त्रियांचें अधिवेशन भरविलें. लाखाहून अधिक स्त्रिया त्यास जमल्या होत्या, असें त्या वेळचीं वर्णनें सांगतात. त्यापुढें १९८९ सालीं अमरावती येथें महिला अधिवेशन झालें आणि ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम सुरू झाली. कल्पना सरळ होती. घरच्या लक्ष्मीचे उपकार आपण पिढ्यान्‌पिढ्या घेतले, तें ऋण फेडावयाचें म्हणून शेतकऱ्यानें आपखुषीनें जमिनीचा कांहीं भाग बायकोच्या नांवें करावा. ज्या गांवांत शंभर कुटुंबें असें करतील तें गांव लक्ष्मीमुक्त समजावें, आणि संघटनेचे नेते शरद जोशी यांनीं स्वतः त्या गांवीं जावें, असा संकेत ठरला.

जळगांव जिल्ह्यांतील विटनेर या गांवीं शंभराहून अधिक कुटुंबांनीं बायकांच्या नांवें जमिनी केल्या. ही शंभरांची अट आम्हांस फार मोलाची वाटते. एकट्या शेतकऱ्यानें बायकोचें नांव लावावयाचें मनांत आणलें तर भाऊ विचारतात, “आमच्यावर भरवसा नाहीं काय?” पारावर त्याला बायकोच्या मुठींतला म्हणतात, आणि तलाठ्याकडे तीन खेपा घातल्यावर तो गप्प बसतो. शंभर जणांनीं एका दिवशीं तेंच केलें म्हणजे त्यांतील लाज निघून जाते, भावांचा संशय मावळतो, आणि दप्तर घेऊन तलाठ्यासच गांवांत यावें लागतें. कायद्याला जें एका घरांत करवत नाहीं तें गांवाच्या पंगतींत होऊन जातें.

या चळवळीचा एक टिकाऊ परिणाम म्हणजे सरकारचें सप्टेंबर १९९२ चें लक्ष्मीमुक्तीविषयींचें परिपत्रक. नवऱ्यानें अर्ज केल्यास त्याच्या हयातींतच बायकोचें नांव सहधारक म्हणून अधिकार अभिलेखांत घेतां येतें. त्याची रीत अशी आहे. पतीनें तलाठ्याकडे (ज्यांस आतां ग्राममहसूल अधिकारी म्हणतात) अर्ज द्यावा. सोबत सात-बारा व आठ-अ यांचे उतारे आणि पतिपत्नी असल्याचा पुरावा जोडावा. त्यावरून गांव नमुना सहा म्हणजे फेरफाराच्या नोंदवहींत नोंद होते, संबंधितांना नोटिसा जातात, पंधरा दिवसांत हरकत न आल्यास मंडळ अधिकारी नोंद मंजूर करितात. नोंद मंजूर झाल्यावर नवा उतारा काढून, वर सांगितल्याप्रमाणें, नांव कोणत्या सदरीं आलें तें अवश्य पाहावें. जमीन भावांत सामाईक असेल तर अर्थात् आपल्या हिश्शापुरतेंच नांव लावतां येईल.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. महसुली नोंद ही मालकीचा दस्त नव्हे. ती खरी आहे असें कायदा गृहीत धरतो, परंतु उलट पुरावा आल्यास ती टिकेलच असें नाहीं. ज्यांस पक्की मालकी द्यावयाची आहे त्यांनीं नोंदणीकृत बक्षिसपत्र करावें. शेतजमीन बायकोस किंवा मुलाबाळांस बक्षीस देतांना महाराष्ट्रांत मूळ मुद्रांकशुल्क अवघें दोनशें रुपये आहे. इतर आकार निराळे पडूं शकतात, ते दुय्यम निबंधकाकडे आधीं विचारून घ्यावे. मात्र लहानसा तुकडा तोडून देण्याचें मनांत असल्यास १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा आड येऊं शकतो. सहधारकाच्या नोंदींत ही अडचण येत नाहीं, कारण तींत जमीन फुटत नाहीं. सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा दोन्ही प्रकारांत जमिनीवर कायम राहतो. तो चुकविण्याचें हें साधन नव्हे. तसेंच कमाल जमीनधारणेच्या कायद्यांत पति, पत्नी व अज्ञान मुलें मिळून एकच कुटुंब धरतात, तेव्हां त्या बाजूनेंही नफा नाहीं आणि तोटाही नाहीं.

“बाई जमीन विकून माहेरीं घेऊन जाईल,” ही भीति आम्हीं अनेक सभ्य गृहस्थांच्या तोंडून ऐकली आहे. जुगारापायीं आणि दारूपायीं विकल्या गेलेल्या जमिनींचे खरेदीखत कोणाच्या सहीचें होतें, हें ज्यानें त्यानें आपल्या गांवापुरतें आठवावें.

मुलींचा प्रश्न याहून नाजूक आहे. महाराष्ट्रानें १९९४ सालींच हिंदु वारसा कायद्यांत दुरुस्ती करून मुलीला वडिलार्जित मिळकतींत मुलासारखा जन्मतः हक्क दिला, परंतु त्यापूर्वीं लग्न झालेल्या मुली वगळल्या. ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या दुरुस्तीनें तो भेद काढून टाकला, आणि त्या दिवशीं वडील हयात असण्याची गरज नाहीं असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें ऑगस्ट २०२० मध्यें दिला. कायदा असा स्पष्ट असूनही वडिलांच्या पश्चात् वारसनोंद होतांना बहिणींकडून हक्कसोड लिहून घेण्याचा रिवाज चालूच आहे. बहीण सही करिते ती बहुधा दिवाळीची ओवाळणी आणि माहेरचा उंबरठा राखण्यासाठीं. जी सही करीत नाहीं तिला त्या घरचें निमंत्रण येईनासें होतें. एकेकट्या भावाला यांत चूक दिसत नाहीं, कारण शेजारच्या घरींही तेंच झालेलें असतें. म्हणून हाही प्रश्न गांवानेंच हातीं घेण्याजोगा आहे: वारसनोंदीपूर्वीं बहिणीला तिचा हिस्सा किती हें चार माणसांत सांगावें, आणि तिनें सोडावयाचें ठरविलेंच तर तें समजून-उमजून, नोंदणीकृत पत्रानें सोडावें. तलाठ्याच्या दप्तरांतील घाईच्या अंगठ्यानें नव्हे.

गांवोगांवीं आज बचतगट आहेत, सोसायट्या आहेत, ग्रामपंचायतींत स्त्रियांना निम्म्या जागा आहेत. या तिघांनीं मिळून काम वांटून घेतलें तर शंभर अर्ज एका आठवड्यांत होण्याजोगे आहेत. बचतगटानें घरोघर जाऊन उतारे गोळा करावे, कारण कोणत्या घरीं काय अडचण आहे हें बायकांस आपणांपेक्षां अधिक ठाऊक असतें. सोसायटीच्या सचिवानें बोजांची यादी तयार ठेवावी. ग्रामपंचायतीनें तलाठी व मंडळ अधिकारी यांस एक दिवस ठरवून चावडीवर बोलवावें आणि त्या दिवशीं प्रत्येक जोडप्यानें एकत्र यावें. बाईनें स्वतः हजर राहावें असा आमचा आग्रह आहे. आपलें नांव कोठें व कां लागत आहे हें तिनें आपल्या कानांनीं ऐकावें आणि उताऱ्याची एक प्रत तिच्याच ट्रंकेंत राहावी.

यासाठीं सुगी आटोपल्यावरचे दिवस बरे. फाल्गुनांत अर्ज दिले, नोटिशीचे पंधरा दिवस व मंजुरीचे कांहीं दिवस धरले, तरी खरिपाच्या कर्जवाटपापूर्वीं नवे उतारे हातीं येतात, आणि त्याच हंगामांत बाईचा सभासदत्वाचा अर्ज सोसायटीकडे देतां येतो.