कोल्हापुरात राहायला येताय? भाडं विचारायच्या आधी "पाणी कुठवर आलं होतं?" ते विचारा

जून उजाडला की कोल्हापुरात दोन गोष्टी दिसायला लागतात. एक म्हणजे पाऊस आणि दुसरी म्हणजे सामानानं भरलेले टेम्पो. टेम्पोत गाद्या, कपाट, वॉशिंग मशीन आणि वर दोरीनं बांधलेली पोरांची सायकल.

कुणाची बदली झालेली असते, कुणाला विद्यापीठात नोकरी लागलेली असते, कुणाच्या पोराला इथल्या कॉलेजात ॲडमिशन मिळालेली असते. त्यात १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं. सहा जिल्ह्यांचं काम इथं आलं आणि वकील मंडळींची ये-जाही वाढली.

आता नवीन गावात आलं की माणूस पहिला प्रश्न विचारतो, भाडं किती? डिपॉझिट किती? कोल्हापुरात मात्र त्याच्या आधी एक प्रश्न विचारायचा असतो.

"हितं पाणी कुठवर आलं होतं?"

विषय काय आहे ते नीट समजून घेऊ.

जूनमध्ये घर बघणं का फसवं ठरू शकतं?

पंचगंगा नदी कोल्हापूर शहराला पश्चिमेकडून आणि उत्तरेकडून वळसा घालून जाते. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानली जाणारी सरस्वती अशा पाच नद्यांची मिळून ती पंचगंगा. या नद्या सह्याद्रीच्या ज्या पट्ट्यातून येतात तिथं पाऊस कोसळतो आणि फुगवटा इथं शहरात दिसतो.

नदीची पातळी मोजायची ठरलेली जागा म्हणजे राजाराम बंधारा. इथं ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी. हे दोन आकडे घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, कारण जुलै-ऑगस्टमध्ये सगळं कोल्हापूर याच भाषेत बोलतं. चहाच्या टपरीवर कुणी "किती झालं?" असं विचारलं, तर तो क्रिकेटचा स्कोअर विचारत नसतो.

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही महापुरांत ही पातळी ५५ फुटांच्या वर गेली. म्हणजे धोका पातळीच्याही वर १२ फूट. शिरोलीजवळ पुणे-बंगळुरू महामार्ग बंद पडला, दूध-भाजीची टंचाई झाली, पेट्रोल अत्यावश्यक सेवेसाठी राखून ठेवावं लागलं. पाणी उपसा केंद्रंच बुडाल्यानं सगळीकडं पाणी असूनही नळाला पाणी नव्हतं. २०२४ च्या जुलैमध्येही नदीनं धोका पातळी ओलांडली होती.

आता गंमत बघा. बदलीवाले आणि ॲडमिशनवाले घर बघतात मे-जूनमध्ये. त्या वेळी गल्ली कोरडी, भिंतीला नवीन रंग, खिडकीतून हिरवंगार झाड. पूर येतो तो जुलैच्या शेवटी नाहीतर ऑगस्टमध्ये. ॲग्रीमेंटवर सही होऊन तेव्हा दोन महिने झालेले असतात.

पण नदी तर लांब आहे की!

नवीन माणूस इथंच फसतो. तो मॅप उघडतो, नदीपासूनचं अंतर मोजतो आणि निर्धास्त होतो.

शहराच्या मधून जयंती नाला वाहतो आणि पुढं पंचगंगेला मिळतो. नदी फुगली की नाल्याचं पाणी नदीत जात नाही. उलट नदीचं पाणी नाल्यातून मागं सरकतं आणि वाटेतल्या सखल भागात पसरतं. म्हणून नदीच्या काठावर नसलेला व्हीनस कॉर्नर आणि शाहूपुरीतली कुंभार गल्ली पाण्यात जाते. सुतारवाडा, दुधाळी, जामदार क्लब, रमणमळा, बापट कॅम्प ही नावंही पुराच्या बातम्यांत दरवेळी येतात.

याचा अर्थ या भागात राहायचंच नाही असा नाही. हजारो कुटुंबं तिथं पिढ्यान् पिढ्या राहतात. त्यांना माहीत असतं, कितव्या फुटाला मोटारसायकल हलवायची, कितव्या फुटाला फ्रिज वर चढवायचा आणि कधी पाहुण्यांकडं जायचं. तुम्हाला ते माहीत नसतं, एवढाच फरक आहे. आणि तो फरक पाणी दारात आल्यावर फार मोठा असतो.

मग करायचं काय?

एक, घरमालकाला विचारा, पण तेवढ्यावर थांबू नका. गल्लीतला किराणा दुकानदार, इस्त्रीवाला, कोपऱ्यावरच्या आज्जी यांना विचारा. "एकोणीसला कुठवर आलं होतं, एकवीसला कुठवर?" लोक हातानं भिंतीवर उंची दाखवतात.

दोन, पूररेषा बघा. जलसंपदा विभागानं आखलेल्या रेषांमध्ये निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. फ्लॅट विकत घेणार असाल तर महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन जागा कुठल्या रेषेत येते ते बघितल्याशिवाय टोकन देऊ नका.

तीन, पत्त्यावर जाऊ नका. पत्त्यात "ई वॉर्ड" दिसला म्हणजे सगळं सारखं असं नसतं. उंचावरची राजारामपुरी ई वॉर्डातच येते आणि पाण्यात जाणारी शाहूपुरीची ती गल्लीसुद्धा ई वॉर्डातच.

चार, राधानगरी धरणावर लक्ष ठेवा. धरण भरलं की त्याचे स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात. एका दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी भोगावतीत येतं. दरवाजे उघडल्याची बातमी आली की लगेच पाणी दारात येत नाही, ते शहरापर्यंत पोहोचायला काही तास लागतात. आवराआवर करायची ती त्याच वेळात.

विद्यापीठाच्या जवळ राहायचं तर कुठं?

शिवाजी विद्यापीठाची स्थापना १८ नोव्हेंबर १९६२ ची. उद्घाटनाला राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन आले होते आणि पहिले कुलगुरू होते इतिहासाचे अभ्यासक डॉ. आप्पासाहेब पवार. विद्यापीठ वसवलं ते शहराच्या पूर्वेला सागरमाळावर, म्हणजे उंचावर. त्यामुळं या बाजूला नदीच्या पुराची भीती कमी. मोठ्या पावसात एखादा ओढा किंवा गटार तुंबून रस्त्यावर पाणी येतं, ती गोष्ट वेगळी.

राजारामपुरी ही या बाजूची सगळ्यात सोयीची वस्ती. इथं पत्ता गल्लीच्या नंबरानं सांगतात. "आठवी गल्ली" म्हटलं की रिक्षावाला पुढचं विचारत नाही. दवाखाने, क्लास, दुकानं सगळं पायाखाली, आणि म्हणून भाडंही त्या मानानं जास्त. टाकाळा, सम्राटनगर, प्रतिभानगर, राजेंद्रनगर हा भागही विद्यापीठाला जवळ पडतो.

बजेट कमी असेल किंवा मोठी जागा हवी असेल तर लोक आर. के. नगर, मोरेवाडी, पाचगाव, उजळाईवाडीकडं वळतात. इथं दुसरा महत्त्वाचा प्रश्न येतो. घर महापालिकेत आहे की ग्रामपंचायतीत?

कोल्हापूर नगरपालिकेची महापालिका झाली १९७२ साली. त्यानंतर शहर वाढत गेलं, पण हद्द तिथंच राहिली. हद्दवाढीसाठी आंदोलनं झाली, हद्दवाढीच्या विरोधातही झाली. तोडगा म्हणून २०१७ मध्ये ४२ गावांचं प्राधिकरण स्थापन झालं. तुमच्यासाठी याचा साधा अर्थ असा की, रस्त्याच्या या बाजूला नळाचं पाणी, कचरा आणि घरफाळा महापालिकेकडं, तर पलीकडं ग्रामपंचायतीकडं. बिल्डरच्या जाहिरातीत दोन्हीकडं "कोल्हापूर"च लिहिलेलं असतं. म्हणून तीन गोष्टी विचारून घ्या. पाणी रोज येतं की दिवसाआड? उन्हाळ्यात टँकर लागतो का? केएमटीची बस किती वाजेपर्यंत असते?

आणि ११ महिन्यांचा भाडेकरार असला तरी महाराष्ट्रात तो नोंदणीकृतच लागतो. नोंदणीची कायदेशीर जबाबदारी घरमालकाची असते. "राहू दे की, आपल्यात कशाला कागद" असं कुणी प्रेमानं म्हटलं तरी तुम्हीही प्रेमानंच कागद करून घ्या.

पोरांच्या शाळेचं काय?

बाहेरून शिकायला आलेल्या पोरांची सोय करणं ही कोल्हापूरची जुनी सवय आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली मराठा बोर्डिंग सुरू केलं. पाठोपाठ जैन, लिंगायत, मुस्लिम बोर्डिंग, मिस क्लार्क बोर्डिंग अशी रांगच लागली. दसरा चौकात उभं राहून आजूबाजूच्या पाट्या वाचल्या तरी हा इतिहास कळतो. १९१७ साली महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पोराला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता.

त्या सवयीचा एक नमुना आजही बघायला मिळतो. जरगनगरचं लक्ष्मीबाई जरग विद्यामंदिर ही महापालिकेची मराठी शाळा. गुढीपाडव्याला इथले प्रवेश सुरू होतात आणि त्यासाठी पालक आदल्या दिवसापासून रांग लावतात. म्हणून कोल्हापुरात शाळा शोधताना नुसती चकाचक बिल्डिंग बघू नका. महापालिकेच्या आणि जुन्या अनुदानित शाळाही बघून या.

जून-जुलैत मध्येच आला असाल आणि जुन्या शाळेचा दाखला आला नसेल तर घाबरू नका. शिक्षण हक्क कायद्यानुसार, आठवीपर्यंतच्या मुलाला सरकारी किंवा अनुदानित शाळेत फक्त दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही.

दूध, भाजी आणि "चटणी"

दुधाचा विषय इथं गंभीर आहे. म्हशीचं घट्ट दूध ही कोल्हापूरकरांची चैन नाही, गरज आहे. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर डोळ्यांसमोर म्हशीची धार काढून फेसाळ ग्लास हातात देतात. पोरांना एकदा दाखवायला न्या. लहान पोरांना घरी द्यायचं दूध मात्र उकळूनच द्या.

भाजीसाठी गावात कपिलतीर्थ मार्केट आणि रविवारी लक्ष्मीपुरीचा बाजार. कपडे महाद्वार रोडला, घाऊक कापड गांधीनगरला, सोनं गुजरीत, चपला चप्पल लाईनला. पूर्वेकडं राहणाऱ्यांचं रोजचं राजारामपुरीतच भागतं.

आता चटणी. शेजारच्या काकूंनी "चटणी हाय का?" विचारलं आणि तुम्ही शेंगदाण्याची चटणी नेऊन दिलीत तर हसू होणार. कोल्हापुरात चटणी म्हणजे कांदा-लसूण घातलेलं लाल तिखट. उन्हाळ्यात मिरच्या आणून, मसाला भाजून, कांडप यंत्रावर वर्षाची चटणी करून ठेवतात. पहिल्या वर्षी शेजारच्यांना सांगून त्यांच्याबरोबर दोन किलो करून घ्या. तांबड्या रश्श्यापासून साध्या आमटीपर्यंत सगळं त्याच्यावर चालतं.

आणि हो, मिसळीबरोबर पावाऐवजी ब्रेडच्या स्लाइस येतील. भांडू नका. पांढरा रस्सा तिखट नसतो, पोरांची सुरुवात त्याच्यापासून करा.

दवाखान्याचं म्हणाल तर जवळचा फॅमिली डॉक्टर शेजाऱ्यांना विचारून ठरवा आणि दसरा चौकाजवळचं सीपीआर हे सरकारी रुग्णालय कुठं आहे ते एकदा बघून ठेवा.

रविवारी पोरांना कुठं न्यायचं?

जवळ म्हणजे विद्यापीठच. साडेआठशे एकरांचा परिसर, तळी, झाडी आणि नशीब असेल तर मोर. आतमध्ये वि. स. खांडेकरांचं स्मृती संग्रहालय आहे. आत जायच्या वेळा आणि नियम गेटवर विचारून घ्या.

गावात रंकाळा, टाऊन हॉल आणि न्यू पॅलेसची संग्रहालयं, १८५० सालापासूनचं करवीर नगर वाचन मंदिर. घरी वाचणारं कुणी असेल तर तिथलं सभासदत्व पहिल्याच महिन्यात घ्या. संध्याकाळी खासबागेत भेळ खाताना १९१२ चं कुस्ती मैदान पोरांना दाखवता येतं. फुटबॉलचा हंगाम असेल तर शाहू स्टेडियमवर पेठांच्या संघांची मॅच बघा. मात्र कुठल्या संघाचे ते ठरवूनच जा, नाहीतर शेजारचा माणूस ठरवून टाकेल. एक दिवस हातात असेल तर २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेला पन्हाळा २० किलोमीटरवर आहे.

आषाढात एखाद्या मंगळवारी किंवा शुक्रवारी वाजतगाजत पाण्याच्या घागरी चाललेल्या दिसतील. पंचगंगेचं नवं पाणी टेंबलाईला घालायला लोक निघालेले असतात. ज्या नदीची धास्ती घ्यायची, तिच्याच पाण्याची मिरवणूक काढायची, हे कोल्हापूर आहे.

शेवटचा मुद्दा

सहा महिने झाले की घरात एक बदल दिसेल. तुमची पोरगी शाळेतून येऊन सांगेल, "आई, मी आलो, मी जेवलो." व्याकरण दुरुस्त करायला जाऊ नका. इथल्या पोरी असंच बोलतात. पोरगी रुळली, एवढंच त्याचा अर्थ.

तुम्ही रुळला की नाही हे मात्र पहिल्या पावसाळ्यात कळतं. म्हणून सामान उतरवल्यावर पहिल्याच आठवड्यात शेजारच्या तीन घरांत जाऊन ओळख करून घ्या आणि त्यांचे नंबर घ्या. २०१९ ला आणि २०२१ ला सरकारी बोटी येण्याआधी लोकांच्या दारात पोहोचली होती ती गल्लीतली आणि तालमीतली पोरं. पण कुठल्या घरात म्हातारं माणूस आहे, कुठं तान्हं बाळ आहे, हे त्यांना आधी माहीत असावं लागतं.

तुमच्या घरात कोण आहे, ते गल्लीला जूनमध्येच सांगून ठेवा.