पोखालचे भुंगेरे

पुणे परिसरातल्या भुंगेऱ्यांवर लेख म्हटला की तो ताम्हिणीपासून सुरू होतो. मी मुद्दाम हिंजवडीपासून करतोय. घाटमाथ्यावर पावसाळ्यात दिवे लावून, पांढरे पडदे ताणून बसणाऱ्यांची आता वाण नाही. मुळेच्या काठापासून माण-मारुंजीच्या टेकड्यांपर्यंत पसरलेला मुरमाड माळ मात्र वाकून पाहणारे फार थोडे. उष्ण कटिबंधातली विविधता म्हणजे घनदाट जंगल, हे आपल्या मनात इतकं पक्कं बसलंय की कुसळी गवताच्या माळाला सरकारी कागदांतही पडीक म्हटलं जातं.

हा समज रुजायला कीटकशास्त्रज्ञ टेरी अर्विनचा १९८२चा निबंधही काहीसा कारणीभूत आहे. पनामात एकाच जातीच्या १९ झाडांवर कीटकनाशकाचं धुकं सोडून त्याने भुंगेऱ्यांच्या सुमारे १,२०० जाती खाली पाडल्या आणि त्यावरून उष्ण कटिबंधात संधिपादांच्या ३ कोटी जाती असाव्यात असं गणित मांडलं. पुढच्या अभ्यासांनी तो आकडा बराच खाली आणला. पण त्या गणितात झाडाचा शेंडा जमिनीच्या दुप्पट समृद्ध धरलेला होता, याकडे आपल्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. ते गृहीतक पनामाच्या जंगलाचं आहे. जिथे झाडच विरळ, तिथे पायाखाली बघायला हवं.

जुन्या कामाचा धावता उल्लेख पुरे. ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ मालेत गहानचा लांबशिंग्या भुंगेऱ्यांवरचा खंड १९०६ चा, समरेंद्र मौलिकांचं पानखाऊ भुंगेऱ्यांवरचं काम १९१९ पासूनचं. जमिनीवरच्या शिकारी भुंगेऱ्यांवर लिहिणारा अँड्र्यूज मूळचा वनाधिकारी, बेळगावच्या रानात त्याने स्वतः गोळा केलेले नमुने या खंडांतून जागोजागी भेटतात. या सगळ्यांत मला जवळचा जी. जे. अ‍ॅरोचा १९३१चा खंड. तो शेणकिड्यांचा आहे, आणि जवळपास शंभर वर्षांनीही भारतातला शेणकिडा ओळखायला बसलेला माणूस आधी त्याचंच पान उघडतो.

शेणकिडे हा माझा विषय. त्यांना अभ्यासाचा कनिष्ठ कोपरा समजणाऱ्यांशी मी आयुष्यभर भांडत आलो आहे. एखाद्या प्रदेशात चरणारी जनावरं किती, माती कशी, पाऊस कधी पडला, गवत राखलंय की ओरबाडलंय, हे सगळं शेणाच्या एका पोमध्ये वाचता येतं. फुलपाखरांची यादी कितीही लांब असली तरी तिच्यातून एवढं कळत नाही.

पहिला दमदार पाऊस होऊन गेल्यावर सकाळी माळावर जावं. ताज्या पोवर आधी माश्या येतात, पाठोपाठ तांदळाच्या दाण्याएवढे आफोडियस. ऊन चढेपर्यंत पोला वरून कोरडा पापुद्रा धरतो. खुरप्याच्या टोकाने तो उचलला की आत चाळणीसारखी भोकं दिसतात. माश्यांच्या अळ्यांवर टपलेले काळे चकचकीत हिस्टर तिथेच असतात, हात लागला की पाय पोटाशी घेऊन निपचित पडतात. पो बाजूला केला तर मुरमात बोटभर जाडीचं बीळ असतं आणि त्याच्या तोंडाशी सैल मातीचा ढिगारा. ते कॅथार्सियसचं. नर-मादी मिळून शेण खाली ओढून नेतात, त्याचे गोळे करतात आणि एकेका गोळ्यात एकेक अंडं. ओनिटिसेलस बीळ खणायला जातच नाही, पोच्या आतच संसार थाटतो. आणि सिसिफस! मागचे पाय शरीराच्या मानाने भलतेच लांब, जोडीने वाटाण्याएवढी गोळी ढकलत गवताच्या बुंध्यांतून वाट काढतात. ही जोडी मी अजूनही कितीही वेळ पाहत बसू शकतो.

सर्वांत मोठा पसारा ऑन्थोफॅगसचा. जगात या एका नावाखाली दोन हजारांहून अधिक जाती आहेत. काही जातींत अळीला भरपूर शेण मिळालं तर नराला मोठं शिंग फुटतं, कमी मिळालं तर नर बुटका, बिनशिंगी राहतो. शिंगवाला बिळाच्या दाराशी पहारा देतो आणि बिनशिंगी बाजूने वेगळा बोगदा खणून मादीपर्यंत पोचतो. एकाच जातीचे हे दोन नर फोटोत दोन जाती वाटतात.

इथेच माझं आजच्या हौशी सर्वेक्षकांशी जमत नाही. नुसत्या फोटोंवर याद्या करून आढावा झाला म्हणणं मला मान्य नाही. कित्येक ऑन्थोफॅगस नराचं जननेंद्रिय काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय ओळखताच येत नाहीत. नमुना घेणं ही क्रूरता आहे असं मला तोंडावर सांगितलं गेलं आहे. पण आख्खं गायरान जेसीबीने सपाट होतं तेव्हा तिथे काय होतं याचा पुरावा टाचणीला लावलेल्या त्या एका किड्यापाशीच असतो.

दिव्यावरच्या भुंगेऱ्यांबद्दल थोडक्यात. वळवाच्या सरीनंतर संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर उतरणारे हुमणीचे भुंगेरे उसाच्या शेतकऱ्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहेत. काजव्यांवर आता दर मे महिन्यात पुरेसं छापून येतं. एवढंच सांगतो, की रस्त्यावरच्या दिव्याखाली पूर्वीइतके किडे पडत नाहीत म्हणून ते संपले, असा निष्कर्ष घाईचा आहे. जुन्या पाऱ्याच्या दिव्यांतून अतिनील किरण भरपूर यायचे, एलईडीतून जवळजवळ येत नाहीत. दिवाच बदलला तर तुलना कशाची करायची?

शेणकिड्यांची घट मात्र दिव्यावर अवलंबून नाही, आणि तिची कारणं डोळ्यांसमोर आहेत. राजीव गांधी इन्फोटेक पार्क आलं, त्याच्यामागून इमारती आल्या, आता मेट्रोचा मार्ग थेट माणपर्यंत आखलेला आहे. जिथे गुरं चरायची तिथे कुंपणं पडली. उरलेली जनावरं गोठ्यात बांधलेली, शेण थेट गोबरगॅसला किंवा उकिरड्यावर. माळावर उन्हात पडणारा पोच उरला नाही. त्यात जंतांवर दिलं जाणारं आयव्हरमेक्टिन. जनावराला टोचल्यावर ते पुढे कित्येक दिवस शेणातून बाहेर पडत राहतं आणि शेणकिड्यांच्या अळ्या त्यात मरतात. डायक्लोफिनॅकवर आपण गिधाडांसाठी बंदी आणली, तसा विचार या औषधाबाबत करावा असं कुणाला वाटलेलं दिसत नाही. ऑस्ट्रेलियात युरोपीय गुरं गेली, पण कांगारूंच्या कोरड्या लेंड्यांना सरावलेल्या तिथल्या किड्यांना ते ओलं शेण आवरेना, माश्या बेसुमार वाढल्या. मग १९६०च्या दशकापासून त्या देशाने आफ्रिकेतून आणि इतर ठिकाणांहून शेणकिडे मुद्दाम आणून सोडले. आपल्याकडे ते फुकट होते.

टेकड्यांवर गिरिपुष्प लावून हिरवाई आणल्याचं समाधान मानणाऱ्यांनीही माळाचं नुकसानच केलं. सावली दाट झाली की गवत जातं, गवतामागोमाग गुरं जातात, आणि मग खाली काहीच उरत नाही.

माणसांचीही तीच गत. शिवाजीनगरच्या मॉडर्न महाविद्यालयात हेमंत घाटे यांनी भुंगेऱ्यांच्या वर्गीकरणाचं जे काम उभं केलं, तसं प्रत्येक महाविद्यालयात एकेक माणूस असता तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. प्राणिशास्त्राच्या पदवीला आज विद्यार्थी किडा टाचणीला न लावताच उत्तीर्ण होतो.

भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र १९५९ पासून पुण्यात आहे, आता आकुर्डीला, म्हणजे हिंजवडीपासून हाकेच्या अंतरावर. तेव्हा येत्या जूनमध्ये कुणाला खरोखर काम करायचं असेल तर अवघड काही नाही. गायरानाचा मालक किंवा ग्रामपंचायत, आणि लागेल तिथे वनखातं, यांची परवानगी आधी घ्यावी. प्लास्टिकचा डबा तोंडापर्यंत जमिनीत पुरावा, आत मिठाचं पाणी आणि साबणाचे दोन थेंब, वर मलमलच्या फडक्यात ताज्या शेणाचा गोळा काडीला टांगावा. चोवीस तासांनी डबा उचलावा आणि किडे गाळून चिठ्ठीसकट स्पिरिटमध्ये ठेवावेत. चिठ्ठीवर गाव, तारीख, जमीन मुरमाड की काळी, शेण गाईचं की म्हशीचं, आणि जनावराला गेल्या महिन्यात औषध टोचलं होतं का, हे पेन्सिलीने लिहावं. शाई स्पिरिटमध्ये उतरते.