फाळक्यांनी स्वतःच्याच कारखान्यावर काढलेला चित्रपट

ॲनिमेशन स्टुडिओवर माहितीपट काढायचा विचार करत असाल, तर आधी दादासाहेब फाळक्यांचा ‘चित्रपट कसे तयार करतात’ बघा. साल 1917! नटांना हावभाव समजावणारे, फिल्म तपासणारे, जोडणारे फाळके त्यात स्वतः दिसतात. त्याचे काही तुकडे आजही शिल्लक आहेत, इंटरनेटवर सापडतात. पडद्यामागचं काम हाच बघण्याचा विषय, हे त्यांना तेव्हाच उमगलं होतं!

भारतात ॲनिमेशनची वाटही त्यांचीच. 1912 च्या सुमारास कुंडीतल्या वाटाण्याची वाढ त्यांनी ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपत चित्रित केली. 1915 मध्ये ‘आगकाड्यांची मौज’. काडी जरा सरकवायची, हात बाजूला घ्यायचा, एक चौकट घ्यायची, पुन्हा सरकवायची. सेकंदाला 16 चौकटी धरल्या तरी मिनिटभरासाठी 960! हा लघुपट आज उपलब्ध नाही, याची मला फार हळहळ वाटते.

म्हणून सांगतो, माहितीपट काढताना नुसत्या मुलाखतींवर भागवू नका. कॅमेरा चित्रकाराच्या हातावर ठेवा. खोडलेली चित्रं, फसलेल्या चौकटीसुद्धा टिपा.